फलकावर ‘कराची’ लिहायचं का? एका कॅनबेरा वैमानिकाच्या युद्धस्मृतींचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव, माणसांची नावं, स्क्वाड्रनचा क्रमांक आणि ज्या धावपट्टीवर हल्ला झाला तिचं नाव मुद्दाम गाळलं आहे, कारण एवढ्यावरून माणूस सहज ओळखता येतो. ज्यांच्याभोवती सगळं घडलं त्यांना इथे आप्पा म्हणू. लेख आप्पांना आणि घरच्यांना वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या संमतीनेच तो बाहेर येतो आहे.

आप्पांचं वय ऐंशीच्या पुढे. वडिलांची कापूस-ज्वारीची कोरडवाहू शेती होती. आज तिथे पुतण्या केळी करतो. आप्पा अमळनेरला शिकले, मग पुण्याला गेले, तिथून वायुदलात. १९६५ च्या युद्धानंतर ते कॅनबेरा विमानांवर आले आणि १९७१ चं युद्ध त्यांनी याच विमानात बसून लढलं. निवृत्तीनंतर पुण्यात राहता आलं असतं, पण ते गावी परतले. धाब्याचं जुनं घर पाडून तिथे नवं बांधलं, पुढचा ओटा तेवढा तसाच ठेवला. गावातली पोरं त्यांच्याकडे गणित शिकायला येत. युद्धाबद्दल ते बोलत नसत.

कॅनबेरा कसं विमान होतं हे माहीत असल्याशिवाय हे प्रकरण नीट कळणार नाही. इंग्लंडमध्ये आखलेलं, दोन जेट इंजिनांचं हे बॉम्बर. भारताने १९५७ मध्ये त्याचा करार केला आणि मे २००७ मध्ये ते सेवेतून निवृत्त झालं. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर ते काँगोत गेलं, १९६५ मध्ये पेशावर आणि बदीनपर्यंत पोहोचलं, १९९९ मध्ये कारगिलवर छायाचित्रं घेत फिरलं. बॉम्बहल्ल्याच्या विमानात माणसं दोनच. वैमानिक वर डाव्या बाजूच्या काचेच्या घुमटाखाली, आणि नॅव्हिगेटर खाली नाकाकडे. बॉम्ब टाकायची वेळ आली की नॅव्हिगेटर पोटावर आडवा होऊन समोरच्या काचेतून लक्ष्य शोधायचा. वैमानिकाला इजेक्शन सीट होती. नॅव्हिगेटरला नव्हती. विमान पेटलं तर त्याने दारापर्यंत जायचं आणि पॅराशूट घेऊन उडी मारायची. सखल उडणाऱ्या विमानात तेवढा वेळ मिळत नाही. २१ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे परतणारं एक कॅनबेरा पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं, तेव्हा वैमानिक वाचून युद्धकैदी झाला आणि नॅव्हिगेटर गेला. पुढे कॅनबेरात बसणाऱ्या प्रत्येक जोडीला हे ठाऊक होतं. आप्पांच्या सगळ्या बोलण्याच्या तळाशी ही गोष्ट आहे: दोघांत एकालाच सुटायची सोय होती आणि ती त्यांच्याकडे होती.

प्रश्न कसा उभा राहिला

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगावी शिलाफलक लागले. देशासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मृतीसाठी ते होते. आमच्या या गावातही तसा फलक लागला. मग ग्रामसभेत विषय निघाला की जे लढून परत आले त्यांचाही एक फलक शाळेच्या आवारात असावा. गावात माजी सैनिक बरेच; कोणी पायदळात, कोणी तोफखान्यात. वायुदलातले आप्पा एकटेच. सरपंचांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून माहिती मिळवली आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहायचं ठरलं. आप्पांची ओळ त्यांच्या भाच्याने दिली: ‘१९७१ च्या युद्धात कराचीवर बॉम्बवर्षाव करणारे वीर वैमानिक’.

गावात ही गोष्ट सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होती. कराचीच्या केमारी बंदरातल्या तेलाच्या टाक्या डिसेंबर १९७१ मध्ये पेटल्या हे खरंच आहे. ४ डिसेंबरला वायुदलाच्या हंटर विमानांनी तिथे हल्ला केला. त्याच रात्री नौदलाच्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या, आणि ८ तारखेच्या रात्री ‘विनाश’ गेली. रेडिओवर कराची, कराची चाललेलं. आप्पा काही महिन्यांनी रजेवर आले तेव्हा गावाने वाजतगाजत मिरवणूक काढली. आपला माणूस विमानातून बॉम्ब टाकतो आणि कराची पेटली आहे, या दोन गोष्टी त्या मिरवणुकीत एक झाल्या. कुठे गेलो होतो हे आप्पांनी सांगायचं नव्हतं, तसा हुकूमच होता. ते गप्प राहिले आणि ती रिकामी जागा गावाने भरली.

फलकाचा मजकूर वाचायला घरी आला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, “माझं नाव त्यावर घेऊ नका.” कारण सांगितलं नाही. भाच्याला तो विनय वाटला. ग्रॅनाइट जळगावात कोरायला गेला.

त्यांच्या नातीला ते पटलं नाही. ती इतिहासाची विद्यार्थिनी. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आप्पांचं लॉगबुक आहे हे तिला आजीकडून कळलेलं होतं. आजी आता नाही. खानदेशातल्या माजी सैनिकांच्या आठवणी नोंदवून ठेवणारा आमचा एक लहानसा गट आहे. नातीने आमच्याशी संपर्क केला तो इथे. तिचा प्रश्न सरळ होता: फलक थांबवायचा की आप्पांना बोलतं करायचं?

लॉगबुकातून काय निघालं

पेटी उघडायच्या आधी आप्पांना विचारायचं, ही आमची पहिली अट होती. विचारल्यावर त्यांनी किल्ली स्वतः आणून दिली. म्हणजे त्यांची ना नव्हती. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

वैमानिकाचं लॉगबुक म्हणजे हिशेबाची वही. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, सोबत कोण, काम काय, किती वेळ हवेत. महिन्याच्या शेवटी वरिष्ठांची सही. या वहीत रात्रीची उड्डाणं लाल शाईत होती. डिसेंबर १९७१ च्या पानावर लाल ओळी मोजक्याच, आणि त्यांतल्या एकीतही कराची नव्हतं. ३ डिसेंबरच्या रात्रीची ओळ पश्चिम पंजाबातल्या एका धावपट्टीची. हे इतिहासाशी जुळतं: त्या संध्याकाळी पाकिस्तानने पठाणकोट, अमृतसर, श्रीनगरपासून आग्र्यापर्यंतच्या आपल्या तळांवर हल्ले केले, आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा सरगोधा, चंदर, मियांवाली, मुरीद अशा तळांवर गेली. ओळीच्या शेवटी ‘डीसीओ’ ही तीन अक्षरं. दिलेलं काम पार पडलं की वायुदलात तसं लिहितात. दुसऱ्या आठवड्यातल्या एका ओळीपुढेही तेच.

घरात आजीने सांगितलेली एक आठवण होती: युद्धाच्या पहिल्याच रात्री मिट्ट काळोखात आप्पा गेले, खाली काही दिसत नव्हतं, आणि परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. नातीने ही आठवण आणि ३ डिसेंबरची ओळ जोडून टाकली होती. ती जोडणी मोडली आप्पांच्या वहिनींनी. वहिनी त्यांच्याहूनही मोठ्या, कान थोडे कमी, स्मरण लख्ख. युद्ध सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा घरचे पुरुष सारंगखेड्याच्या यात्रेहून परतत होते, असं त्यांनी सांगितलं. बैलगाड्या रात्रीच्या चालत आल्या, कारण “टिपूर चांदनं व्हतं”.

सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते. पंचांग पाहिलं. १९७१ साली मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला संपली. म्हणजे ३ तारखेच्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता आणि सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात उगवला होता. त्या रात्री काळोख नव्हता. त्याउलट अमावास्या १७ डिसेंबरची. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी रात्री काळ्याच होत्या, चंद्र पहाटे उगवायचा. आजीने ऐकलेला काळोख दुसऱ्या लाल ओळीचा होता. आप्पांच्या तोंडून काही यायच्या आधीच एवढं कळलं की घरच्या कथेत दोन रात्री एकत्र झाल्या आहेत आणि न जेवण्याचं कारण दुसऱ्या रात्रीत आहे.

तोंडी इतिहास गोळा करणाऱ्यांनी पंचांग जवळ ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडची वयस्क माणसं तारीख विसरतात, तिथी विसरत नाहीत.

समोर कोणते मार्ग होते

पहिला मार्ग म्हणजे काहीच न करणं. आप्पा थकलेले, गावाला अभिमान, कोणाचं नुकसान नाही. घरातल्या दोघा-तिघांचं हेच मत होतं आणि ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण फलक शाळेत लागणार होता. मुलं तो वाचणार, आणि खरं माहीत असूनही दगडात खोटं कोरलं जाणार.

दुसरा मार्ग सरपंचांनी सुचवला: ‘कराची’च्या जागी खऱ्या धावपट्टीचं नाव टाका. वरवर पाहता हाच बरोबर उपाय. पण यात एक अडचण होती. एका रात्रीचं नाव कोरायचं तर दुसऱ्या रात्रीचं काय? आणि आप्पांचा नकार ‘कराची’ला होता की सगळ्या ओळीलाच, हे अजून कोणालाच कळलं नव्हतं. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची शंकाही कोणीतरी काढली. हे हल्ले इतक्या पुस्तकांतून छापून आले आहेत की नुसत्या नावाने काही बिघडलं नसतं, पण माजी अधिकाऱ्याच्या मनातली ती आडकाठी आपण किरकोळ समजू नये.

तिसरा मार्ग नाव पूर्ण वगळण्याचा. आप्पांच्या शब्दाला मान राहिला असता. पण गावात प्रश्न उठला असता की का वगळलं, आणि त्या प्रश्नाची उत्तरं पारावर तयार झाली असती.

चौथा मार्ग म्हणजे आप्पांचं म्हणणं आधी नोंदवायचं आणि ओळ त्यांनीच ठरवायची. यात वेळ जाणार होता आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस तोंडावर आला होता. सरपंचांना त्या दिवशी अनावरण हवं होतं. पाहुणे ठरले होते. घरच्यांना काळजी वेगळी होती: जे माणसाने एवढी वर्षं आत ठेवलं ते या वयात बाहेर काढावं का? आमच्या गटातही यावर मतं एक नव्हती. शेवटी नातीने आप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, “सांगतो. पण माझ्या पद्धतीने सांगतो.”

काय केलं

सरपंचांना आम्ही एकच विनंती केली, आप्पांच्या ओळीपुरता दगड थांबवा. ‘कराची’ तोवर कोरून झालं होतं. सरपंचांनी थोडं मनाला लावून घेतलं, पण आप्पांसमोर ओट्यावर बसल्यावर ते निवळले आणि अनावरण पुढे ढकललं. पाहुण्यांना त्यांनी स्वतः फोन केले.

नोंद सकाळच्या वेळी करायची ठरली. संध्याकाळी आप्पा थकतात. सोबत नात आणि गटातलं एकच जण. प्रश्नांची यादी नाही, समोर लॉगबुक उघडं ठेवायचं आणि ओळीवर बोट ठेवून आप्पांनी जे आठवेल ते सांगायचं. आम्ही तीन रकाने केले: त्यांनी स्वतः पाहिलेलं, तेव्हा इतरांकडून कळलेलं, नंतर वाचलेलं-ऐकलेलं. हे रकाने आप्पांना फार आवडले. “हे बरोबर आहे,” म्हणाले, “आम्ही जितकं पाहिलं त्याहून पुष्कळ नंतर वाचलं.”

चांदण्या रात्रीचं उड्डाण त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. सखल उडत सरहद्द ओलांडायची म्हणजे रडारला दिसत नाही; लक्ष्याजवळ वर चढायचं, बॉम्ब सोडायचे, वळायचं, पुन्हा खाली येऊन घरचा रस्ता धरायचा. चांदण्यात नद्या चकाकतात, कालवे रेघेसारखे दिसतात, धावपट्टी फिकट पट्टा म्हणून उमटते. तेच चांदणं वरून येणाऱ्या शत्रूच्या विमानालाही मदत करतं. धावपट्टीवर खड्डे पाडायचे आणि तळावरच्या माणसांना रात्रभर झोपू द्यायचं नाही, असा त्या हल्ल्यांचा दुहेरी हेतू. ते बोलताना आवाज चढत होता. मध्येच नॅव्हिगेटरचं नाव यायचं आणि ते थांबायचे. दोघांनी मिळून उडवलेलं विमान आणि गाव फक्त एकाची मिरवणूक काढतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

दुसऱ्या लाल ओळीवर बोट आलं की ते पान उलटायचे. आम्ही आग्रह धरला नाही.

ती रात्र ते बोलले ते स्वयंपाकघरात, वहिनींपाशी, अहिराणीत. रेकॉर्डर बंद होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन बसले होते, वहिनींनी सहज विचारलं की तेव्हा तू जेवत का नव्हतास. उत्तर आलं, “खाले काय व्हतं, माले काय माहीत?” आणि मग बाकीचं.

इथे या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय आला. नात आणि आमचा माणूस ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं. ऐकलेलं लिहून काढायचं, की ऐकलंच नाही असं वागायचं? दोन्हीत फसवणूक होती. आम्ही आप्पांना सांगितलं की आम्ही ऐकलं आहे, ते कुठेही नोंदवलेलं नाही, आणि तुम्ही म्हणाल तर ते तिथेच राहील. त्यांनी विचार करायला वेळ मागितला. काही दिवसांनी त्यांनीच नातीला यंत्र लावायला सांगितलं. त्यातला जेवढा भाग इथे देण्याची त्यांनी परवानगी दिली, तेवढाच पुढे आहे.

दुसरी रात्र

डिसेंबरात पंजाबात धुकं उतरतं. त्या रात्री चंद्र नव्हता, खाली सगळीकडे दिवे मालवलेले, आणि त्यावर धुक्याचा थर. विमान ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास जात होतं. त्या वेगाने जळगाव ते भुसावळ अंतर अडीच मिनिटांच्या आत संपतं. रस्ता काढायचा तो दिशा, वेग आणि घड्याळ यांच्या हिशेबाने. वैमानिकांचा एक साधा ठोकताळा असतो: दिशेत एका अंशाची चूक झाली तर ६० मैलांत माणूस १ मैल बाजूला जातो. वारा अंदाजापेक्षा थोडा जोरात असला तरी तेवढं होतं. घड्याळात मिनिटभर इकडेतिकडे झालं तर दहा-अकरा किलोमीटर.

ठरलेल्या वेळेला धावपट्टी दिसली नाही. नॅव्हिगेटर नाकात आडवा पडून पाहत होता; त्याला नदीचं वळण दिसल्यासारखं वाटलं. तेवढ्यात डाव्या हाताला विमानवेधी तोफा सुरू झाल्या. तोफा आहेत तिथे राखण्यासारखं काहीतरी आहे, असा तर्क करून ते तिकडे वळले. नॅव्हिगेटर म्हणाला, तेच असावं. आप्पांनी विचारलं, खात्री? तो म्हणाला, नाही. इंधनाचा हिशेब दुसरी फेरी घेऊ देत नव्हता, आणि तोफांच्या माऱ्यात दुसरी फेरी म्हणजे खाली आडव्या पडलेल्या नॅव्हिगेटरला पुन्हा धोक्यात नेणं. बॉम्ब घेऊन परत फिरता आलं असतं. वहीत ‘काम पार पडलं नाही’ असं लिहिलं गेलं असतं, एवढंच. तो निर्णय वैमानिकाचा होता. आप्पांनी बॉम्ब सोडायला सांगितलं.

सात-आठ हजार फुटांवरून सुटलेला बॉम्ब जमिनीवर पोहोचायला वीसेक सेकंद लागतात. तोवर विमान वळायला लागलेलं असतं आणि वैमानिकाला आपल्या पोटाखालचं काही दिसत नाही. आप्पांना वळताना मागे धुक्यात पसरलेला तांबूस उजेड दिसला. धावपट्टीवर असा उजेड पसरत नाही, तो काहीतरी जळण्याचा होता. इंधन असेल, विमान असेल, गवताची गंजी असेल, घर असेल.

परतल्यावर तोफांची जागा, वेळ, दिशा सगळं विचारलं गेलं, आणि निष्कर्ष निघाला की हल्ला लक्ष्यावरच झाला. डीसीओ. दोघांनी एकमेकांशी पुन्हा हा विषय काढला नाही. नॅव्हिगेटर नंतर दक्षिणेत स्थायिक झाला आणि काही वर्षांपूर्वी गेला.

“ते बरोबरही असेल,” आप्पा म्हणाले. “हिशेब बघितला तर बहुतेक बरोबरच होता. पण मला माहीत नाही, आणि गाव मला वीर म्हणतं ते माहीत असल्यासारखं.”

आणखी दोन निर्णय

आप्पांनी हे सांगितलं त्यानंतरच्या रात्री त्यांना झोप लागली नाही. नातीने तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावलं, नोंद थांबवली, आणि पुढे सुरू करायची की नाही हे आप्पांवर सोडलं. त्यांनी महिनाभराने सुरू केली, तीही प्रशिक्षणाच्या दिवसांपासून.

दुसरा निर्णय नॅव्हिगेटरच्या घरी कळवण्याचा. वायुदलातल्या जुन्या ओळखीतून त्यांच्या मुलाचा पत्ता मिळाला. आप्पांनी इंग्रजीत हाताने पत्र लिहिलं. मुलाने वडिलांच्या लॉगबुकाच्या पानाचं छायाचित्र पाठवलं. तिथेही तीच तारीख, तीच तीन अक्षरं. उड्डाणाचा वेळ तेवढा पाच मिनिटांनी वेगळा. त्या रात्रीबद्दल वडील घरी कधी बोलले नव्हते. म्हणजे दुसऱ्या वहीनेही प्रश्न सुटला नाही.

वायुदलाच्या कागदपत्रांपर्यंत जायचं का, हाही विचार झाला. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक कागदपत्रांचं धोरण जाहीर केलं. २५ वर्षांहून जुन्या नोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायच्या असं त्यात आहे. नातीला अर्ज करायचा होता. आप्पांनी नको म्हटलं. त्या कागदात त्यांच्याच तोंडचं वर्णन असणार, म्हणाले. मीच सांगितलेलं मला परत वाचून काय कळणार? हे म्हणणं अभ्यासकाला चटका लावणारं आहे, पण खरं आहे. रात्रीच्या हल्ल्याचा अहवाल बहुतेक वेळा हल्ला करणाऱ्यांच्याच सांगण्यावर उभा असतो.

निष्पत्ती

मजकुराचा विषय पुन्हा ग्रामसभेत आला. दुसऱ्या रात्रीबद्दल तिथे काही सांगायचं नव्हतं. एवढंच सांगितलं की लॉगबुकात कराची नाही आणि आप्पांना ती ओळ नको. भाचा उठून बोलला. त्याने शाळेत, लग्नात, निवडणुकीच्या सभेत ही गोष्ट सांगितली होती, आणि आता आपल्याला खोटं पाडताय असं त्याला वाटलं. सभा त्याच्या बाजूने झुकत होती. तेव्हा तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार उभे राहिले. ते म्हणाले, आम्ही नकाशावरच्या आकड्यांवर तोफ डागायचो, गोळा कुठे पडला हे दुसरा सांगायचा; मी काय उडवलं हे मला विचाराल तर मीही सांगू शकत नाही, आणि माझ्या नावापुढे तुम्ही असलं काही लिहिलं नाही ते बरं केलंत. त्यानंतर चर्चेचा सूर पालटला. गावाच्या आदरात काही कमी झालं नाही, हे इथे नोंदवायला हवं. लोकांना खरं ऐकायचं नसतं हा समज निदान या सभेत टिकला नाही.

ओळ आप्पांनी दिली: भारतीय वायुदल, कॅनबेरा वैमानिक, १९७१ पश्चिम आघाडी. त्याखाली त्यांना नॅव्हिगेटरचं नाव हवं होतं. परगावच्या माणसाचं नाव आपल्या फलकावर कसं, यावर थोडी वादावादी झाली. त्याच्या मुलाची संमती आल्यावर ती मिटली. दगड नवा घ्यावा लागला. खर्चाचा काही भाग नातीच्या भावाने दिला, काही त्या हवालदारांनी. अनावरणाला भाचा आला नाही. आप्पांशी तो बोलतो, नातीशी अजून बोलत नाही.

शाळेतला कार्यक्रम मुख्याध्यापिकेने बदलला. आधी मुलांकडून ‘किती शत्रू मारले’ असे प्रश्न लिहून घेतले होते. ते बाजूला ठेवून आप्पांनी फळ्यावर एक अंश आणि ६० मैलांचं गणित मांडलं. सातवीच्या मुलांनी ते गावाच्या नकाशावर सोडवलं.

ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती झाल्या. चांदण्या रात्रीचा आणि प्रशिक्षणाचा भाग अभ्यासकांसाठी खुला ठेवायचं ठरलं. दुसऱ्या रात्रीचा भाग बंद. आप्पांची अट लेखी आहे: त्यांच्या पश्चात, आणि नॅव्हिगेटरच्या मुलांनी होकार दिला तरच उघडायचा. ती रात्र दोघांची होती, म्हणून एकट्या आप्पांच्या घरच्यांना तो अधिकार नाही.

वेगळं काय करता येईल

फलकाची ओळ नातेवाइकाकडून घेण्याऐवजी सैनिकाकडूनच घ्यायची, हयात असेल तर त्याच्या सहीने. गावोगावी सध्या असे फलक लागत आहेत आणि बहुतेक ठिकाणी हे होत नाही. आप्पांनी ‘नाव घेऊ नका’ म्हटलं तेव्हाच कोणी ‘का’ विचारलं असतं तर दगड वाया गेला नसता आणि भाच्यावर सभेत उभं राहायची वेळ आली नसती. त्याला आधी घरात, लॉगबुक समोर ठेवून सांगायला हवं होतं. सभेत कळल्यामुळे त्याचा अपमान झाला, आणि ते टाळता येण्यासारखं होतं.

भाषेचाही विचार आधी करता येईल. आप्पा विमानाबद्दल इंग्रजी मिसळलेल्या मराठीत बोलतात, मनातलं अहिराणीत. नोंद करणारा अहिराणी जाणणारा असावा, आणि घरातलं जुनं माणूस सुरुवातीपासून जवळ बसलेलं असावं. वहिनी नसत्या तर आमच्याकडे फक्त चांदणी रात्र जमा झाली असती.

डॉक्टरांशी बोलणं नोंद सुरू करायच्या आधीच व्हावं. ऐंशीच्या पुढचा माणूस अशी गोष्ट सांगतो तेव्हा त्या रात्री घरात कोण जागं राहील, हेही ठरलेलं असावं.

एका गोष्टीवर गटात अजून मतभेद आहे. काहींच्या मते बंद ठेवलेल्या भागाचा इतका तपशील या लेखात यायला नको होता, आप्पांची परवानगी असली तरी; नॅव्हिगेटरच्या मुलाने लेख वाचला आहे, पण त्याच्या बहिणीपर्यंत तो पोहोचलेला नाही. तिचं उत्तर येईपर्यंत ध्वनिमुद्रणाच्या खुल्या भागाची प्रतही कोणाला द्यायची नाही, असं सध्या ठरलं आहे.